एकशे साठाव्या पानापर्यंत

रोज सकाळी साडेनऊला बाइंडिंगच्या खोलीचं कुलूप काढलं की मामा आधी खिशातून एक बिनकामाची वस्तू काढायचा आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवायचा. कधी चाकाखाली चपटं झालेलं बाटलीचं झाकण, कधी फुटक्या फरशीचा निळा तुकडा, कधी जाळी पडलेलं पान. घरापासून कॉलेजच्या लायब्ररीपर्यंतच्या वाटेवर जे नजरेत भरेल ते. मग स्टुलावर बसून चहा उकळेपर्यंत तो त्या वस्तूकडे बघत राहायचा. चहा उतू गेला की उठायचा. चहा रोज उतू जायचा.

गंमत पुढेच आहे. संध्याकाळी परतताना ती वस्तू तो जिथून उचलली तिथे नेऊन ठेवायचा. घरी नेली, कपाटात मांडली, की ती शोभेची वस्तू होते, म्हणजे तिला काम लागतं, असं त्याचं म्हणणं. मामी म्हणायची, "लोकांचे नवरे येताना भाजी आणतात. आमचे हे कचऱ्याला त्याच्या घरी सोडून येतात."

मामा लायब्ररीतला बाइंडर. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत त्याने चाळीस वर्षं पुस्तकं शिवली. खोलीत एक लांब टेबल, लोखंडी चक्र फिरवून दाबायचं प्रेस, पुठ्ठ्यांची चळत, रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि सरस, जुना कागद आणि उतू गेलेला चहा यांचा मिळून एक वास. त्याची भाची लहान असताना शाळा सुटली की तिथेच येऊन बसायची, कारण तिची आई कामावरून सहाला यायची. टेबलाखाली बसून तिने अभ्यास केला, पुठ्ठ्याच्या कातरणांची घरं बांधली, आणि मामाचं तत्त्वज्ञान ऐकलं. तत्त्वज्ञान ऐकायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

मामाच्या वाचनाचा एक नियम होता. जी पानं शिवणीतून सुटून त्याच्या हातात येतील तेवढीच तो वाचायचा. घट्ट, धड पुस्तक उघडून वाचणं त्याला पटत नसे. "धडधाकट माणसाच्या घरात आपण उगाच डोकावतो का?" तो म्हणायचा. "आजारी पडून आपल्या दारात आला, तर विचारपूस करावी." त्यामुळे त्याचं ज्ञान मोठं आणि भोकाभोकांचं होतं. एका कादंबरीतली नायिका नदीवर गेली आणि परत आली नाही हे त्याला माहीत होतं. का गेली ते माहीत नव्हतं, कारण ती सोळा पानं मजबूत होती. एका सेनापतीच्या चरित्रातलं त्याला फक्त बालपण आणि सूची ठाऊक होती. पण बोलायचा असा की जणू त्या सेनापतीला कडेवर घेऊन फिरवलाय.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बनतं. अशा एका घडीला फर्मा म्हणतात, आणि मामाच्या आयुष्याचं सोनं किंवा मातेरं, जे काय म्हणाल ते, एका फर्म्याने केलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याच्याकडे एक जुनं पुस्तक आलं. विषय सौंदर्य. कला कशासाठी, चित्र बघताना आपण नेमकं काय करतो, कविता उपयोगी असावी का, असा सगळा ऊहापोह. पुढचं मुखपृष्ठ आणि पहिला फर्मा गायब, म्हणून लेखकाचं नावही गायब. एकशे साठाव्या पानानंतरचं सगळं वाळवीने खाल्लेलं. उरलेले नऊ फर्मे सुटे सुटे. म्हणजे मामाला वाचायची पूर्ण मुभा. त्याने ते वाचले, परत वाचले, आणि एकशे साठाव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर येऊन तो थांबला तो थांबलाच. ओळ अशी होती: 'सुंदर वस्तूला कसलेही काम नसते.'

बावीस वर्षांचा मुलगा, हातात सरस, आणि पानाच्या तळाशी असं काही. त्याने पुस्तक कापडात बांधलं, आणि ती ओळ गाठीला. लेखकाचं नाव माहीत नसल्याने त्याला तो 'माझा माणूस' म्हणू लागला. माझा माणूस असं म्हणतो, माझा माणूस तसं म्हणतो. लग्नानंतर पहिले दोन महिने मामीला वाटत होतं, ह्यांचा कुणी दूरचा काका आहे.

त्या ओळीची झळ सगळ्यात जास्त मामीलाच बसली. मामाने तिच्या पाककृतींची वही अशी बांधली की मुखपृष्ठावर तळहाताएवढं सोनेरी पान, कडांना लाल रंग, आत रेशमी फीत. मग स्वयंपाकघरात नेऊ देईना. हात पिठाचे असतात म्हणे. मामी नव्या पाककृती कॅलेंडरच्या मागे लिहू लागली. पुढे त्याने स्वतःच्या हाताने एक कपाट केलं. गुळगुळीत, मधाच्या रंगाचं, लाकडाची रेष वरपासून खालपर्यंत अखंड जाणारी. मूठ बसवली तर ती रेष तुटेल म्हणून मूठच बसवली नाही. अठरा वर्षं मामी ते कपाट चमच्याने उघडत होती. चमचा कपाटावरच ठेवलेला असायचा. पाहुणे विचारायचे, हा चमचा इथे का? मामी म्हणायची, "ह्यांच्या माणसाला विचारा."

कॉलेजातही मामाची कीर्ती होती. एका वर्षी साहित्याच्या परीक्षेत अकरा मुलांनी एकच वाक्य लिहिलं: सुंदर वस्तूला कसलेही काम नसते. सौंदर्यशास्त्र शिकवणारे सर चक्रावले. त्यांनी हे वाक्य कधी शिकवलं नव्हतं. चौकशी करत करत ते जिना उतरून खाली आले. मुलं पुस्तकं बांधायला टाकायच्या निमित्ताने चहाला बसतात आणि फुकटात तत्त्वज्ञान घेऊन जातात, हे त्यांना तेव्हा कळलं. मामाने अभिमानाने पुस्तक काढून दाखवलं.

"आणि पुढचं पान?" सरांनी विचारलं.

"पुढचं पान नाही, सर. वाळवी."

"मग तो पुढे काय म्हणतो, तुम्हाला कसं कळणार?"

"पुढे काय म्हणायचं राहतं, सर?" मामा म्हणाला. "तिथं पूर्णविराम आहे."

सर थोडा वेळ पूर्णविरामाकडे बघत उभे राहिले आणि चहा पिऊन वर गेले. त्या वर्षी अकराही मुलं पास झाली.

त्याच सरांच्या हाताखाली पुढे भाची संशोधनाला बसली. विषय निवडताना तिला फार विचार करावा लागला नाही. टेबलाखाली बसून ज्याचं नाव नसलेलं नाव ऐकत ती वाढली होती, तो मामाचा माणूस, आणि त्याच्यासारखे इतर, कलेत सौंदर्यालाच सर्वांत वर मानणारे. सात वर्षं लागली. मध्ये तीन वर्षं एका शाळेत तासांवर शिकवणं, मध्ये आईचं आजारपण, दोनदा मुदतवाढ. तिसरी मुदतवाढ मिळत नाही. प्रबंध शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, चार प्रतींमध्ये, काळ्या रेक्झिनच्या पक्क्या बांधणीत आणि सोनेरी अक्षरांत, कॉलेजच्या पलीकडच्या कचेरीत खिडकीवर पोहोचला नाही, तर नोंदणी रद्द आणि सात वर्षं पाण्यात. सरांनी हे तिला तीनदा सांगितलं होतं, आणि सर साधारणपणे कुठलीच गोष्ट दोनदासुद्धा सांगत नसत.

सोमवारी तिने छापलेल्या चार प्रती मामाच्या टेबलावर आणून ठेवल्या.

खरं तर तिने त्या कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात द्यायला हव्या होत्या. तिथे दोन तासांत बांधून मिळतं. पण मामा असताना प्रबंध परक्याने शिवायचा, म्हणजे घरात डॉक्टर असताना शेजारच्या गावात नाडी दाखवायला जायचं. तो महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. "हे माझं शेवटचं मोठं काम," तो सगळ्यांना सांगत फिरत होता. तिला नाही म्हणवलं नाही. पण त्या प्रतींत एक गोष्ट होती, जी तिने चार वर्षं कुणाला सांगितली नव्हती. फक्त सरांना.

चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या लायब्ररीत तिला मामाच्या माणसाचं पुस्तक अखंड सापडलं होतं. नावासकट, मुखपृष्ठासकट, आणि एकशे एकसष्टाव्या पानासकट. ते पान असं सुरू होत होतं: 'उमेदीच्या काळात मी असे लिहिले, आणि त्याला टाळ्याही पडल्या. आज ते वाचून मला हसू येते. माझ्या वडिलांची छत्री मी तेव्हा नीट पाहिलेली नव्हती.' पुढे सहा पानं त्या छत्रीबद्दल होती. वडिलांनी ती कशी दुरुस्त केली, मूठ हाताने घासून घासून कशी गुळगुळीत झाली, तीन भावंडं तिच्याखाली कशी मावायची, आणि आपण पाहिलेली सर्वांत सुंदर वस्तू तीच कशी.

भाचीने ती पानं उतरवून घेतली आणि परतीच्या बसमध्ये ठरवलं, मामाला सांगायचं नाही. पुढच्या शनिवारी सांगू. मग त्याच्या पुढच्या. शनिवार संपतात थोडेच?

गुरुवारी संध्याकाळी तिने फोन केला. "झालं का, मामा?"

"उद्या सकाळी ये," मामा म्हणाला. एवढंच म्हणाला. एरवी फोनवर तो सरसाच्या तब्येतीपासून सुरुवात करायचा.

शुक्रवारी दहाला ती जिना उतरून खोलीत आली. टेबलाचा मध्य रिकामा होता. ना झाकण, ना पान, ना फरशीचा तुकडा. चहाचं भांडं कोरडं. चारही प्रती होत्या तशाच सुट्या, आणि मामा पहिल्या प्रतीचा अर्धा गठ्ठा उलटा घालून, चष्मा कपाळावर चढवून, खिडकीतून दिसणाऱ्या सायकलींकडे बघत बसला होता.

"मामा, शिवलं नाहीस?"

"वाचत होतो."

"वाचत होतास? तू?"

"सुटी पानं आली की मी वाचतो. तुला माहीत नाही का?"

भाचीने कपाळावर हात मारला. सात वर्षं डोकं चालवून तिला एवढं सुचलं नव्हतं, की प्रबंध बाइंडरकडे येतो तो सगळाच्या सगळा सुटा येतो. मामाच्या उभ्या आयुष्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुटं मिळालेलं हे पहिलंच पुस्तक होतं.

"चांगलं लिहिलंयस," मामा म्हणाला. "तिसरं प्रकरण लांबलंय जरा."

"सरही तेच म्हणाले."

"मग कापायचं ना." त्याने उलटा गठ्ठा सरळ केला. "दोनशे तीन नंबरचं पान."

दोनशे तिसऱ्या पानावर छत्री होती.

"कधी सापडलं तुला हे?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं!" मामाने चष्मा नाकावर आणला. "दर शनिवारी तू घरी जेवायला येतेस. मी तुझ्यासमोर ती ओळ किती वेळा म्हटली असेन?"

"मोजलं नाही रे मामा."

"आणि तू मान डोलवायचीस."

"मान डोलवली म्हणजे काही..."

"म्हणजे खोटं बोलणंच. आवाज न करता."

तिने तयार करून ठेवलेली उत्तरं भरपूर होती. तुला वाईट वाटेल म्हणून, योग्य वेळ बघत होते म्हणून, एका पानाने काय फरक पडतो म्हणून. ती सगळी आता तोंडात आल्यावर शिळी लागली.

"मी भ्याले," ती म्हणाली.

"मला? मला कोण भितं?" मामाला ते खरंच नवल वाटलं. मग त्याला आपला राग आठवला. "आणि छत्री! मला सांग, छत्री काय? मी चाळीस वर्षं ह्या माणसाच्या शब्दावर उभा आहे. बायकोला मूठ दिली नाही कपाटाची. आणि हा पान उलटून छत्रीवर बोलतो? हसू येतं म्हणे. ह्याला हसू येतं!"

"मामा, पाचला खिडकी बंद होते."

"माहीत आहे."

"मग?"

"माझा हात चालत नाही," मामा म्हणाला. आता त्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "कालपासून तीनदा सुई घेतली. तू समोरच्या दुकानात ने. मनावर घेऊ नकोस. तिथला माणूस बरा बांधतो. कणा वाकडा येतो, पण वेळेवर देतो."

ती धावत फाटकासमोर गेली. दुकानाबाहेर तिच्यासारखेच दहा-बारा जण आपापली सात-सात वर्षं छातीशी धरून रांगेत उभे होते. आज सगळ्यांचाच शेवटचा दिवस. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "सोमवारी या." ती म्हणाली, सोमवारी मी येऊन काय करू? तो म्हणाला, "सगळे हेच विचारतायत."

परत आली तेव्हा साडेअकरा झाले होते आणि खोलीत मामी आलेली होती. मामा डबा घरी विसरला होता. मामी स्टुलावर बसून दोनशे तिसरं पान वाचत होती, आणि मामा तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता.

"छत्री?" मामी वाचून म्हणाली. "बरोबर बोलला की माणूस."

"तुला काय कळतंय त्यातलं?" खिडकीकडून आवाज.

"मला? अठरा वर्षं चमच्याने कपाट उघडतेय मी. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" मग भाचीकडे वळून, "दुकानात काय म्हणाले?"

"सोमवारी."

"आणि तुझं?"

"आज पाचला."

मामीने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "अहो, ऐकलंत का?" पाठ हलली नाही. मामीने पदर खोचला. "चल ग. आपण शिवू. चाळीस वर्षं बघतेय मी, एवढं काही वेद म्हणायचे नाहीत त्यात."

आणि दोघी लागल्या. भाचीने पहिली प्रत उचलली आणि पानं सारखी करायला टेबलावर आपटली. तीनशे बारा पानं तीनशे बारा दिशांना गेली. परत आपटली. एक कोपरा बाहेर, दुसरा आत. मामीने वरून हात दाबून धरला आणि म्हणाली, "भोक पाड." भाचीने दाभण घेतलं, हातोडी घेतली, आणि मारली. दाभण तिरकं शिरलं.

"सरळ मार ग."

"सरळच मारलं, मामी. कागद हलला."

"कागद कसा हलेल? मी धरलाय."

"मग मामी, तू हललीस."

दुसरं भोक पहिल्याच्या ओळीत पडलं नाही. तिसरं दोन्हींच्या ओळीत पडलं नाही. भाचीला रडू येत होतं आणि मामीला, ह्या वेळीसुद्धा, हसू. खिडकीशी उभा असलेला मामा बघत नव्हता, पण ऐकत होता. पानांचा वेडावाकडा फडफडाट, दाभणाचा चुकीचा ठोका, पुन्हा फडफडाट. दुसऱ्या ठोक्याला त्याच्या खांद्याला झटका बसला. तिसऱ्याला तो वळला. त्याने टेबलावरचा तो प्रकार पाहिला, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते रागापेक्षा पोटदुखीसारखं दिसत होतं.

"अरे, हे काय चालवलंय?" तो म्हणाला. "बाजूला व्हा दोघी. व्हा बाजूला! कागदाला असं मारतात का?"

त्याने प्रत हातात घेतली. पानांमध्ये वारा जाऊ दिला, गठ्ठा सैल धरून टेबलावर नुसता टेकवला, फिरवला, पुन्हा टेकवला. तीन हालचालींत तीनशे बारा पानांची एक वीट झाली. भाचीने पाडलेली तीन भोकं त्याने बोटाने चाचपली. "ही शिवणीच्या आत जातील. दिसणार नाहीत," तो पुटपुटला. "नशीब, तुला चौथं पाडायला वेळ मिळाला नाही."

मामीने दोरे ओवून मेणावरून ओढून दिले. भाचीने पुठ्ठे मोजून कापले आणि प्रत्येक पुठ्ठा मामाने हातातून घेऊन पुन्हा मोजला. सुई आत, बाहेर, आत, बाहेर. चार प्रती शिवून व्हायला दोन वाजले. डबा तसाच राहिला. मामाने सोमवारी तिच्या प्रबंधासाठी म्हणून आतल्या कोऱ्या पानांना लावायला चार निळे-करडे कागद स्वतः रंगवले होते, पाण्यावर तेलरंग सोडून, त्यावर कंगवा फिरवून. ते आता त्याने खणातून काढले, बघितले, आणि परत ठेवले.

"लाव ना," भाची म्हणाली. "नियमात आतल्या कागदाबद्दल काही नाही."

"चिकटवल्यावर वाळायला दोन तास लागतात त्याला." खण बंद झाला.

कण्यावर सरस चढला, पुठ्ठे बसले, काळं रेक्झिन ताणून दुमडलं गेलं. चारही प्रती प्रेसमध्ये गेल्या आणि मामाने चक्र आवळलं. खरं तर रात्रभर दाबून ठेवायचं असतं. मामाने पंचेचाळीस मिनिटं दिली आणि ती सगळी उभ्याने काढली, ओव्हनसमोर केक फुगायची वाट बघणाऱ्यासारखी.

सव्वातीनला सोनेरी अक्षरं. शिशाची अक्षरं जुळवून तापवायची, सोनेरी पट्टी ठेवून एकदाच दाबायची. एकदाच. पहिली तीन नावं झळझळीत आली. चौथ्या वेळी भाचीच्या नावाची ओळ केसभर उजवीकडे चढली. केसभर म्हणजे खरोखर केसभर. भाचीला दिसली नाही, मामीला दिसली नाही. मामाला दिसली.

तो थांबला. हातात तापलेला ठसा तसाच. दोघींनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं. रेक्झिन सोलून पुन्हा चढवायचं, पुन्हा दाबायचं, पुन्हा ठसा मारायचा, म्हणजे एक तास. आजवर त्याच्या हातून वाकडी ओळ बाहेर गेली नव्हती. एकदा एका ओळीसाठी त्याने लायब्ररीचा अख्खा शब्दकोश परत सोलला होता आणि विद्यार्थी तीन आठवडे शब्दांवाचून राहिले होते.

"कुणाला कळणार नाही, मामा."

"मला कळलं ना."

एरवी बोलण्याची एकही संधी न सोडणारी मामी गप्प राहिली, हे भाचीने नंतर अनेकदा आठवलं. मामाने अंगठ्याने ओळीवरून हात फिरवला, जणू ती अजून सरळ होईल. मग त्याने ठसा खाली ठेवला. चौथी प्रत उचलून बाकीच्या तिन्हींच्या खाली सारली आणि म्हणाला, "चल. चप्पल घाल."

कचेरी पंधरा मिनिटांवर. मामा चारही प्रती दोन्ही हातांवर आडव्या घेऊन निघाला. भाचीला एकही देईना, तू हलवशील म्हणाला. रस्त्यात त्याची नजर एकदाही खाली गेली नाही. सिग्नलला थांबले तेव्हा तो पुढे बघतच म्हणाला, "तो माणूस एकशे साठाव्या पानावर खोटं बोलत नव्हता."

"नव्हताच."

"त्याला तेव्हा तसंच दिसत होतं."

"हो."

"मग मागाहून हसायचं कशाला?" सिग्नल सुटला. अर्धा रस्ता ओलांडल्यावर तो म्हणाला, "सहा पानं छत्री. चांगली असणार ती. मला त्या सहा पानांची प्रत काढून दे. शनिवारी आण."

"आणते."

"चार वर्षं लावू नकोस."

कचेरीच्या खिडकीसमोर रांग होती. पाचला दहा कमी असताना त्यांचा नंबर लागला. आतल्या कारकुनाकडे यादी होती आणि चेहऱ्यावर सकाळपासूनची सगळी रांग होती. त्याने पहिली प्रत ओढून घेतली. रंग काळा. खूण. अक्षरं सोनेरी. खूण. सरांची सही. खूण. प्रतिज्ञापत्र. खूण. मग बाकीच्या तीन प्रती पत्ते पिसल्यासारख्या सरकवल्या, आणि नेमकी चौथी वर आली. मामा खिडकीशी सरकला. कारकुनाने नावावर नजर टाकली, पावतीवर नाव लिहिलं, ठप्पकन शिक्का मारला आणि पावती भाचीच्या हातात दिली.

तिने पावती वाचली. तारीख होती. वेळ होती. चार बावन्न. तिला वाटलं होतं की ह्या क्षणी काहीतरी मोठं वाटेल. तिला फक्त पाय दुखतायत एवढं कळलं. ती मामाला काहीतरी म्हणणार होती, पण मामाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. आत कारकुनाने चारही प्रती एका हातात उचलल्या होत्या आणि मागच्या ढिगावर, विटा टाकतात तशा, टाकायला हात उगारला होता. मामाने खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत घातला.

"ओ साहेब, हळू. आडव्या ठेवा, आणि वर काही ठेवू नका. सरस ओला आहे अजून."